तांदळातलं नाव

निनादला घुंगरातली कडी दिसेना, तेव्हा वसुधाला वाटलं, पोरगं कामाला कंटाळलंय. वाटणारच हो! विशीचं पोर, हुपरीसारख्या चांदीच्या गावात जन्मलेलं. निम्मं काम आता यंत्रं करायला लागलेली. उरलेलं बारीक झाळकाम, म्हणजे पैंजणाच्या कड्या ज्योतीवर जोडायचं काम, तेवढं अजून हातानं चालायचं. कुणालाही कंटाळा येईल. ती म्हणाली, "डोळं चोळ आणि बस परत."

"चोळलं की. मधोमध डाग आलाय आई. कडंचं सगळं दिसतंय, मधलंच गायब हाय."

"कुठल्या डोळ्यात?"

"डाव्या. उजवा बरा हाय अजून."

वसुधानं पदराचा बोळा केला, तोंडाची ऊब देऊन त्याच्या डोळ्यावर ठेवला. आपल्याकडं डोळ्याचं पहिलं औषध तेच. कितीही यंत्रं येऊ देत, आया काही ते सोडणार नाहीत. डाग मात्र गेला नाही. आठवडाभरात वाढला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात बघितलं, गप्प झाले, आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं नाव सांगितलं. डॉक्टर गप्प झाला की माणसानं समजून जावं.

पुण्यात डॉ. शाल्मली ओक भेटल्या. पन्नाशीची, तुटक बोलणारी बाई. पण समजावून सांगायला बसली की हातचं राखत नव्हती. त्यांनी निनादचं आणि वसुधाचं रक्त घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवलं.

"वसुधाताई, आपल्या प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या चुली असतात असं समजा. तंतुकणिका म्हणतात त्यांना. खाल्लेल्या अन्नावर त्या पेटतात आणि पेशी चालते. बाकीची जनुकं निम्मी आईची, निम्मी वडिलांची. पण ह्या चुलींची स्वतःची वेगळी, इवलीशी जनुकं असतात, आणि ती फक्त आईकडून येतात. वडिलांच्या बीजातल्या कणिका गर्भ सुरुवातीलाच मोडून टाकतो."

"मग?"

"तुमच्या रेषेत त्या जनुकांमधलं एक अक्षर चुकलंय. एकच. त्यानं चूल विझत नाही, धुमसते. हातापायांचं त्यावर भागतं. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस भलती खादाड असते. तिला जाळ कमी पडला की ती वाळायला लागते. आधी एका डोळ्याची, मग काही आठवड्यांत दुसऱ्या."

वसुधानं निनादकडं बघितलं नाही. ती म्हणाली, "मला तर धडधडीत दिसतंय. माझ्याकडून कसं आलं असेल?"

"बायका पुष्कळदा सुटतात. त्यांच्या अंगातली संप्रेरकं त्यांना सांभाळून घेतात, असा अंदाज आहे. पण देतात त्याच. एकाच बाईच्या अंगात चांगल्या आणि बिघडलेल्या कणिका मिसळलेल्या असू शकतात. खड्यांच्या तांदळातून मुठी भराव्यात, तसं होतं. कुणा लेकराच्या मुठीत तांदूळ जास्त येतात, कुणाच्या मुठीत खडे."

"माझ्या मुठीत?"

"जवळजवळ सगळे खडेच."

  निनादनंच विचारलं, "औषध हाय का न्हाई, तेवढं सांगा."

औषध होतं. चारदोन वर्षांपूर्वीच आलेलं. कणिकारोपण म्हणायचे त्याला. निरोगी माणसाच्या रक्तातून जिवंत तंतुकणिका काढायच्या आणि सुईनं डोळ्यात, नसेच्या मुळाशी सोडायच्या. त्या तिथं रुजल्या की चुली पेटल्या. पण एक अट होती. देणारा माणूस त्याच मातृरेषेतला हवा. पेशीतल्या मोठ्या जनुकांना आणि ह्या छोट्या जनुकांना पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची सवय झालेली असते. परकी कणिका आत गेली की शरीर बऱ्याचदा तिच्यावर तुटून पडतं. म्हणजे आईची आई, आईची बहीण, त्या बहिणीची लेक, लेकीची लेक. ह्यांच्यातलं कुणीतरी, जिच्या मुठीत तांदूळ जास्त आलेत असं.

"सरकारी जनुकपेढीत शोधलं मी," डॉ. ओक म्हणाल्या. "तुमच्या रेषेचं कुणीच नाही. लोक नमुने देत नाहीत हो. एकाची रेषा सदोष निघाली की त्या रेषेतल्या सगळ्यांच्या आरोग्यकार्डावर आपोआप शेरा पडतो. कायदा केला चांगल्या हेतूनं, की वेळेत सावध व्हावं. झालं काय, तर शेरा बघून लग्नं मोडतात, नोकऱ्या जातात. मग कोण येतंय? तुम्हीच शोधा. उजवा डोळा चांगला आहे तोवर शोधा."

हुपरीला परत आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला चष्मासुद्धा न्हाई." बास, एवढंच.  नवरा धनाजी मान खाली घालून बसला. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. पण तो आईला गप्प बस म्हणाला नाही, हे वसुधाच्या मनात कायमचं राहिलं.

तिला माहेरचं म्हणावं असं एकच माणूस होतं. थोरला भाऊ, विलासदादा. कागलच्या पलीकडच्या गावात एकटा राहायचा. दादाचे डोळे चोविसाव्या वर्षीच गेले होते. गावात सगळ्यांना कारण ठाऊक होतं: जत्रेत गावठी प्यायला आणि डोळे घालवून बसला. वडिलांनी त्यानंतर त्याच्याशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत टाकलेलंच. ठरलेलं लग्न मोडलं. वसुधासुद्धा राखीला जायची ती त्याला चार शब्द सुनावूनच यायची. आता दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या दारात गेली.

"दादा, तुझं डोळं दारूनं गेलं न्हाईत."

दादा भाकरी मोडत होता. त्याचा हात थांबला.

"आईकडनं आलंय ते. आपल्या दोघांत बी हाय. आता निनादला..." पुढं तिला बोलवेना.

दादानं मोडलेली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "एकदाच पिलो होतो गं मी. दोन घोट. पोरांनी पाजली म्हणून." त्यानं ताटाची कड चाचपली. "बाबांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

वसुधाला हुंदका आवरेना. दादानं ताट बाजूला सारलं, चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगंस रुपे. पोराचं काय करायचं ते सांग."

रुपा. हे तिचं माहेरचं नाव. लग्नात धनाजीनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वसुधा' लिहिलं आणि रूपालीची वसुधा झाली. सगळ्यांचं होतं तसंच तिचं झालं. पेढे वाटले, हसले, तांदूळ गोळा करून भात केला. त्यात कुणाचं काही हरवतंय असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दादाचं रक्त पुण्याला गेलं. त्याच्याही मुठीत खडेच. आई तर कधीच गेली होती, दादा दहा वर्षांचा आणि रुपा तीन वर्षांची असताना. पुढं काही वर्षं आईच्या आईनं दोघांना सांभाळलं. तीही गेली.

"आईला बहीण होती का रे?"

"होती की. ठकूमावशी. लय माया करायची. पुढं आजोबांच्या पुतण्यांनी जमीन दाबली, त्यावरनं तिचं बिनसलं, आणि येणंच तुटलं."

"दिली होती कुठं? सासरचं नाव काय?"

"ठकूमावशीच म्हणायचो आम्ही. सासरचं नाव कोण घेतंय माहेरात?"

आईच्या माहेरचा हेळवी मात्र अजून फिरत होता. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत गावोगाव जाणारी माणसं. पूर्वी बैलावर बसून यायचे. हा आला विजेच्या रिक्षातून, गळ्यात नोंदींचं यंत्र अडकवून. पण सांगायचं मात्र तोंडानंच. दादाच्या ओसरीवर बसून त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. अमक्याचा तमका, तमक्याचे तिघे, तिघांतला थोरला निपुत्रिक, मधल्याचे दोघे. चौदा पिढ्या, कुठं अडखळला नाही. वसुधा वाट बघत होती. आजोबांचं नाव आलं. "त्यास पुत्रसंतान नाही," म्हणाला, आणि पुतण्यांकडं वळला.

"अहो थांबा!" वसुधा ओरडलीच. "दोन लेकी होत्या त्यांना. थोरली कुठं दिली?"

हेळव्यानं डोळे उघडले. त्याला प्रश्नच कळेना. "लेकी न्हाई सांगत आम्ही, ताई. लेक दिली की ती त्या घरची झाली."

"त्या घरात तरी कुणी सांगतंय का तिला?"

"तिथं पोरं सांगत्यात की. अमक्याची पोरं म्हणून."

 चौदा पिढ्या बापांच्या, आणि वसुधाला हवी होती एक बाई. नुसती एक बाई! तिनं कपाळ बडवून घेतलं. हेळवी बिचारा बावचळून गेला, दक्षिणा न घेताच उठला. तो गेल्यावर दादा एकदम म्हणाला, "भाकरी... चाकरी."

"काय?"

"तुझ्या बारशाला मावशी आलती. बायकांनी नाव घ्यायला लावलं तिला. मी दुसऱ्या दिवशी तेच म्हणत गावभर हिंडलो, म्हणून आईनं कान पिळला होता." आणि दादानं, इतक्या वर्षांनी, तो उखाणा सबंध म्हटला:

"मंगळवेढ्याची ज्वारी, पांढरीशुभ्र भाकरी,
यशवंतरावांचं नाव घेते, पोस्टात करतात चाकरी."

ठकू सोडून बाईचं दुसरं नाव कुणाला आठवत नव्हतं. तिनं घेतलेलं नवऱ्याचं नाव तेवढं शिल्लक होतं. वसुधाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं, आणि पहाटेची मंगळवेढ्याची गाडी धरली.

पोस्टातल्या यशवंतरावांचं घर सापडायला वेळ लागला नाही. मावशी जाऊन वर्षं झाली होती. तिची लेक नवऱ्यामागं माहेरच्याच घरी येऊन राहिली होती. सगळे तिला जिजी म्हणायचे. साठीची, गोरीपान, ठसठशीत कुंकवाच्या जागी गोंदण असलेली. वसुधानं येताना गाडीत ठरवून टाकलं होतं की खरं सांगायचं नाही. रक्त जुळतंय का एवढंच बघायचंय म्हणायचं. शेऱ्याचं नाव काढायचं नाही. पाप तर पाप. पोराचा डोळा वाचला की मग फेडू.

पण जिजीनं "रुपी गं तू? आमच्या मावशीची रुपी?" म्हणून तिला उराशी धरलं. गरम भाकरी वाढली, वरून शेंगाचटणी, वर दह्याची कवडी. शेजारणीला हाक मारून सांगितलं, "माझी बहीण आलीय, बहीण!" आता ह्या बाईशी खोटं बोलायचं?  हातातला तुकडा ताटात ठेवून तिनं सगळं सांगून टाकलं. कणिका, खडे, तांदूळ, शेरा, सगळं.

जिजीची लेक वैजयंता दारात उभी राहून ऐकत होती. ती तिथूनच कडाडली. "उठा. आधी उठा तुम्ही!"

"वैजू!"

"आई, तू गप्प. कळतंय का तुला ही काय मागायला आलीय? माझी दोन पोरं आहेत. थोरला रेल्वेत इंजिन चालवायला निवडला गेलाय, नुसती वैद्यकीय तपासणी राहिलीय. आपल्या रेषेवर शेरा पडला की संपलं. आणि डोळे जायचे असले तर जातील की आपोआप! ते आजच कळवायची कशाला हौस? स्वतःचं जळतंय म्हणून दुसऱ्याच्या घराला काडी लावायला आल्या!"

वसुधानं वैजयंताचे पाय धरले. खोटं नाही, खरोखर धरले. वयानं, नात्यानं मोठी असून धरले. वैजयंता मागं सरकली, रडायलाच लागली. दोघी आया समोरासमोर रडत होत्या, आणि चूक कुणाचीच नव्हती. वसुधा कशीबशी उठली, पिशवी घेतली आणि स्टँडवर येऊन बसली. गाडी लागायला अवकाश होता. इतक्यात जिजी आली, काखेत बोचकं घेऊन.

"जिजी, नको. तिचं खरं हाय."

"तिचं खरं आहे. तुझंही खरं आहे. मी काय करू मग?" जिजी बाकावर टेकली. "एका आजीच्या पोटातून निघालोय आपण. तुझ्या पोराचा डोळा जाईल आणि मी इथं भाकऱ्या थापत बसू? चल. वैजू चार दिवस बोलायची नाही. बोलेल मग."

पुण्याला पोचेपर्यंत निनादच्या उजव्या डोळ्यात धूर दिसायला लागला होता. धनाजीचा फोन आला तो तेवढंच सांगायला. वसुधानं फोन बंद केला आणि संस्थेच्या पायऱ्या अक्षरशः पळत चढली. जिजी मागून धापा टाकत आली. जिजीचं रक्त घेतलं. दोघी बाहेरच्या बाकावर हातात हात घालून बसल्या. जिजी जप करत होती. वसुधाला एकही देव आठवेना.

डॉ. ओक स्वतः बाहेर आल्या. त्यांच्या तोंडाकडं बघून वसुधानं विचारलं, "खडे?"

"नाही. ह्यांच्या कणिका अगदी ठणठणीत आहेत." त्यांनी हातातला अहवाल उलटला. "पण त्या तुमच्या नाहीत. ही रेषाच वेगळी आहे, वसुधाताई. तुमची आई आणि ह्यांची आई एका आईच्या मुली नव्हेत."

"असं कसं होईल? सख्खी मावशी आमची!"

तिनं तिथल्या तिथं दादाला फोन लावला. दादानं ऐकून घेतलं. 

"ठकूमावशी आजोबांच्या पहिल्या बायकोची," दादा म्हणाला. "ती बाई बाळंतपणात गेली. मग आपली आजी आली. तिनंच वाढवलं मावशीला."

"तुला ठाऊक होतं?" वसुधा किंचाळली. "ठाऊक होतं तुला, दादा?"

"ठाऊक होतं गं, पण... ते मनातच आलं न्हाई. आजीनं सावत्र हा शब्द घरात काढू दिला न्हाई कधी. एकदा माझ्या तोंडून गेला, तर उपाशी ठेवलं मला. दोघी माझ्याच, म्हणायची. तू विचारलंस आईला बहीण होती का. होती. मी होती म्हणालो." दादाचा आवाज फुटला. "रुपे, मी बहीणच समजत आलो गं."

आता ह्यात दोष कुणाला द्यावा? आजीनं आयुष्यात एक मोठी चांगली गोष्ट केली होती. सवतीच्या लेकीवरचा तो एक शब्द पुसून टाकला होता. आणि नेमका तोच शब्द आज हवा होता.

वैजयंताला कळवणं भाग होतं. शेरा पडणार नव्हता, पोरं सुटली होती. वसुधानंच फोन केला. "सुटलो!" वैजयंता एकदम ओरडली, हसली, "अहो सुटलो आम्ही," आणि मग कुणाशी बोलतोय ते ध्यानात येऊन गप्प झाली. जिजीला मात्र आनंद झाला नाही. ती बाकावर तशीच बसून होती. "म्हणजे मी तुझी कुणी नाही?" म्हणाली. "साठ वर्षं त्या आजीला माझी आजी म्हटलं मी. इतकं रक्त घेतलं, त्यातलं काहीच तुझ्या उपयोगाचं नाही का गं?"

वसुधा तिच्या मांडीवर डोकं टेकून रडली. दुसरं काय करणार होती?

त्यानंतरचे दिवस ती वेड्यासारखी फिरली. आजीच्या बहिणी असतील, त्यांच्या लेकी असतील! पण आजीचं माहेर कुठलं? कुणी म्हणालं निपाणीकडचं, कुणी म्हणालं चिकोडीचं. आजी पार्वतीबाई. हे सासरचं नाव. त्याच्या आधीचं? तिच्यासाठीही कुणीतरी तांदळात नाव लिहिलं असेल, त्याच्या आधी तिला काहीतरी हाक मारत असतील. ते सांगणारं माणूस जगात उरलं नव्हतं. तिचा उखाणाही कुणाला आठवत नव्हता. वसुधा निपाणीच्या बाजारात म्हाताऱ्या बायकांना अडवून विचारायची, "तुमच्याकडची एक मुलगी तिकडं कागलकडं दिली होती का हो, बिजवराला?" बायका हळहळायच्या. एक म्हणाली, "बाई, अशा किती दिल्या."

शेवटी डॉ. ओक म्हणाल्या, आता एकच उरतं. जिजींच्या कणिका. परक्या, पण निरोगी. कधी रुजतात. रुजल्या तर उजवा डोळा वाचेल. नाही रुजल्या आणि शरीर उलटलं, तर डाव्यालाही ओढून दोन्ही डोळे आतून सुजतील, आणि हा आजार कडेचं जे दिसणं शिल्लक ठेवतो तेही जाईल. मग पूर्ण अंधार. "मी आग्रह करणार नाही," त्या म्हणाल्या. "निर्णय त्याचा."

जिजी लगेच तयार झाली. धनाजी म्हणाला, करूया. वसुधा तर केव्हाच तयार होती. निनाद म्हणाला, "नको."

"नको म्हणजे?"

"मामाला कडंनं दिसतंय. एकटा बाजारात जातो, विहिरीवर जातो, स्वयंपाक करतो. मला तेवढं राहू दे."

"अरे, वाचला तर सगळाच वाचेल!"

"आणि न्हाई वाचला तर? रोज उठून माझ्याकडनं आलं, माझ्याकडनं आलं म्हणतीस. आत्ताच तुला अन्न जात न्हाई. मी ठार आंधळा झालो तर तू जगशील व्हय?"

"माझं नको बघू तू! मी कुणाकुणाचे पाय धरले ते माहितीय तुला? कशासाठी फिरले मी?" तिचा तोल गेला. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "मग ऱ्हा आंधळा! बस मामासारखा कोपऱ्यात!"

बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात दाबला. पण गेलेला शब्द गेलाच. निनाद उठला आणि बाहेर निघून गेला. तो त्या दिवसापासून तिच्याशी बोलेना. मामाकडं जाऊन राहतो, एवढं त्यानं बापाकरवी सांगितलं आणि गेला. उजव्या डोळ्यातला धूर तिकडंच दाट होत गेला. दादा फोनवर रोज सांगायचा. मग एक दिवस म्हणाला, "थांबलं गं आता. जायचं तेवढं गेलं."

त्यानंतर वसुधा माहेरी गेली.  घरात शिरायच्या आधी तिला दादाचा आवाज ऐकू आला, म्हणून ती भिंतीच्या आडोशाला थांबली.

"समोर बघितलंस की भोकच दिसणार. ती सवय मोड. सरळ बघायचंच न्हाई. ज्याला बघायचं त्याच्या बाजूला बघ, त्याच्या खांद्याच्या पलीकडं. मग ते माणूस कडंला येऊन उभं राहतं. मला हे कळायला चार वर्षं गेली, सांगणारं कोण नव्हतं. तुला मी हाय."

वसुधा मागच्या दारानं आत गेली. चहा टाकला. तिला दुसरं काही सुचेना. कप घेऊन ती ओसरीवर आली तेव्हा दादा उठून आत गेला होता, निनाद एकटाच बसला होता. ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली.

"निनाद."

आवाज ऐकला, आणि त्यानं तोंड फिरवलं. सरळ फिरवलं, अंगणातल्या हौदाकडं.  बोलायचं नाही ते नाही, पण आईकडं पाठ करायची? कप बशीत वाजला.

"इतका राग धरायचा का रे? चुकलं माझं. तोंड नको फिरवू. मार मला, पण असं तोंड नको फिरवू."

"राग न्हाई गं," तो तसाच हौदाकडं मान करून म्हणाला. "समोर धरलं की तू दिसतच न्हाईस, आई. तुला बघायचंय म्हणून फिरवलंय."

त्यानं मान आणखी थोडी वळवली, थांबला, परत किंचित मागं आणली. मग त्याचा चेहरा सैल झाला.

"आता आलीस," तो म्हणाला. "हलू नगंस. बघू दे जरा."

चहा निवून गेला तरी वसुधा जागची हलली नाही.